रिकाम्या मशीनचा आवाज

सकाळी नगरपालिकेची दोन माणसं माझ्या दुकानासमोरच्या फुटपाथवर खडूने चौकोन आखत होती. त्यांची टेप अपुरी पडत होती, म्हणून मी आतून माझी टेप आणून दिली. नुसती दिली नाही, दुसरं टोक धरून उभा राहिलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी शहाण्यात जमा झालो असतो. पण चौकोनाची एक बाजू मला तिरकी वाटली, आणि तिरकी रेघ बघून गप्प बसणं शिंप्याला जमत नाही. मी म्हणालो, "जरा इकडे घ्या, खिडकीच्या बरोबर मध्ये येऊ द्या, म्हणजे दिसायला बरं दिसेल." त्यांनी घेतलं. मग मी विचारलं, की इथे येणार काय? "पहारेकऱ्याची चौकी," त्यातला वयस्कर म्हणाला. "पत्र्याची. तुमच्या दारापेक्षा थोडी उंच. काही हरकत असली तर आज दुपारी कचेरीत सुनावणी आहे, येऊन सांगा." त्यावर मी, "छे छे, हरकत कसली, उलट बरंच झालं," असं म्हणून त्याचा खडूने माखलेला हात हातात घेऊन हलवला. ते दिव्याच्या खांबाला एक कागद चिकटवून निघून गेले. मी मशीनवर येऊन बसलो, गडद निळ्या पँटला टीप मारायला घेतली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुईवर पडणारा सगळा उजेड त्या एका खिडकीतून येतो, आणि तिच्यावर पत्र्याचं झाकण नीट मध्यभागी बसावं म्हणून मी स्वतः टेप धरून आलो होतो.

दुकानाला खिडकी एकच. बाकी तिन्ही भिंती शेजाऱ्यांच्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी मला समोर बसवून सांगितलं आहे, की तुमच्या डोळ्यांना आता दिव्याखाली गडद निळा आणि काळा यातला फरक कळणार नाही, काम करायचं तर दिवसाउजेडी करा. मला ते अगोदरच कळलं होतं. एका ढगाळ आठवड्यात मी दिव्याखाली एक कोट शिवला, त्याची एक बाही काळ्या दोऱ्याने शिवली आणि दुसरी निळ्या. तो कोट घालून एक हवालदार अजून शहरात फिरतो आहे, आणि तो समोरून आला की मी दुसऱ्या फुटपाथवर जातो. मी शिवतो ते सगळं गडद निळं. पहारेकरी, हवालदार, कचेरीचे शिपाई, सगळ्यांचे गणवेश आमच्याच दुकानातून जातात. बाबांच्या वेळेपासून जातात. तेव्हा खिडकी गेली की डोळे गेले, आणि डोळे गेले की मी काय करायचं? वरच्या मजल्यावर बायकोने निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसायचं.

आता कुणी म्हणेल, मग हरकत घ्यायची होती की. म्हणायला काय जातं! माझी गोष्ट अशी आहे की गणवेश दिसला की मी उभा राहतो. तो गणवेश मीच आदल्या दिवशी शिवलेला असला, त्याच्या आतल्या माणसाच्या पोटाचा घेर मला पाठ असला, ट्रायलच्या वेळी तो माझ्यासमोर पायजम्यात उभा राहून "मास्तर, कमरेत जरा सैल ठेवा, जेवण झाल्यावर लागतं," असं अजिजीने म्हणालेला असला, तरी. बटणं लावून तो दाराबाहेर पडला, वळला आणि काचेतून माझ्याकडे बघू लागला, की माझे गुडघे आपोआप सरळ होतात. मी पुष्कळदा विचार केला आहे की हे काय आहे. भीती म्हणावी तर मी त्याला भीत नाही. त्याला घरी त्याची आई अजून कान धरून आंघोळीला पाठवते हे मला माहीत आहे. मी भितो ते कापडाला म्हणावं, तर ते कापड माझ्याच मांडीवर दिवस दिवस पडलेलं असतं आणि त्यावर मी चहा सांडलेला असतो. दोन्ही एकत्र आले की काहीतरी होतं. बाबांचंही असंच व्हायचं. मला वाटतं उंची आणि टक्कल जसं मुलाकडे येतं तसं हेही आलं.

बाबांनी तीन राजवटींचे गणवेश शिवले. पहिले हुजूर. हुजुरांना कॉलर ताठ लागायची, इतकी की शिपायांना मान वळवता येत नसे आणि त्यांना फक्त समोरचे गुन्हेगार दिसत. मग हुजूर गेले आणि समिती आली. समितीला ताठ कॉलर म्हणजे जुलूम वाटायचा; तिने कॉलर मऊ केली आणि आतल्या बाजूला एक जादा खिसा घालायला लावला, तो कशासाठी ते कुणी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. मग निवडून आलेले आले, त्यांनी दंडावर बिल्ला लावला. बाबा म्हणायचे, "सरकारला माप नसतं रे. माप शिपायाचं. सरकार आपलं बटणं बदलतं." हे त्यांनी म्हटल्याचं मला नीट आठवतं, कारण ते म्हणताना ते रिकामं मशीन चालवत होते.

ते रिकामं मशीन सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या दुकानात सरकारचा विषय निघाला की बाबा दार लोटायचे, दोरा काढून ठेवायचे, खाली कापड नसतानाच पायडल मारायला लागायचे आणि मग बोलायचे. खडखडखडखड. त्या खडखडाटात त्यांना जे बोलायचं असेल ते बोलून घ्यायचे, आणि बाबा एरवी देवमाणूस असले तरी हुजुरांबद्दल फार वाईट बोलायचे. हुजुरांच्या तीन पिढ्या वर आणि दोन खाली ते एका दमात जाऊन यायचे. बोलणं संपलं की पाय थांबायचा, दोरा ओवला जायचा आणि ते पुन्हा मवाळ व्हायचे. याचं कारण होते घड्याळजी. शेजारच्या दुकानात ते घड्याळं दुरुस्त करत, आणि बाबांचे ते एकमेव मित्र. एका दुपारी ते आमच्या दुकानात बाकावर बसले असताना कुठल्याशा नव्या हुकुमाबद्दल म्हणाले, "हुजुरांचं घड्याळ मागे पडलंय." मी तिथेच काजं करत बसलो होतो. बाबा हसले, घड्याळजी हसले. खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी घड्याळजींचं दुकान बंद, आणि ते परत आले तेव्हा मला मिशी फुटली होती. परत आल्यावर ते कुणाशी काही बोलायचे नाहीत. कुणी किती वाजले विचारलं तर घड्याळच पुढे करायचे, तोंडाने सांगायचे नाहीत. बाबांनी त्या खिडकीच्या फटींवर रंगाचे हात देऊन देऊन ती कायमची बंद केली. काच ठेवली, कारण उजेड हवा होता. आणि त्या दिवसापासून त्यांची खात्री झाली की गल्लीतल्याच कुणीतरी जाऊन सांगितलं. कोणी ते कळलं नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला; समोरचा औषधवाला, आमच्याही वर राहणाऱ्या मावशी, पलीकडचा चहावाला. मरेपर्यंत ते गल्लीत कुणाच्याही घरी गेले नाहीत, कुणाच्या लग्नालासुद्धा नाही. सगळ्यांचे कपडे मात्र शिवले.

माझ्या बायकोला यातलं काही पटत नाही. ती दूरच्या बंदराच्या गावातली. तिच्या आजोबांच्या वेळी त्या गावाने आपल्या सुभेदाराला बोटीत बसवून, बरोबर पाण्याचा पिंप आणि भाकरी देऊन, रवाना केलं होतं म्हणे. तेव्हापासून त्या गावात सरकार म्हणजे आपण ठेवलेला गडी, अशी समजूत. माझे सासरे सकाळी उठून दात घासायच्या आधी तक्रारीचा अर्ज लिहायचे. तक्रार काय करायची ते दात घासताना ठरायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नळाला पाणी आलं नाही तेव्हा बायकोने पाणीखात्याला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाली, "आधी तुमचं नाव सांगा." मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मला वाटलं, आता जिन्यावर बूट वाजणार. बूट वाजले, पण ते पाणीखात्याच्या फिटरचे होते आणि तो माफी मागत होता. तरी मला बरं वाटलं नाही. मला वाटलं हे मुद्दाम करताहेत, आपल्याला गाफील ठेवण्यासाठी.

तर चौकोन आखून झाल्यावर बायको वरून खाली आली, खांबावरचा कागद तिने मोठ्याने वाचला, मग खडूच्या चौकोनात उभी राहून माझ्याकडे काचेतून बघितलं. मी मान खाली घालून पँट शिवायला लागलो. ती आत आली. "रेघ कोणी आखली एवढी सरळ?" तिने विचारलं. संसारात काही प्रश्न असे असतात की त्यांचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत असतं. मी टेपकडे बघितलं, तिने टेपकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, चोराला शिडी धरायची ती धरायची, वर पायरीला रंग लावून देता?" ती म्हणाली. "दुपारी जायचं आणि हरकत घ्यायची. मी जाणार नाही. दुकान तुमचं, डोळे तुमचे. मी गेले तर त्या कचेरीत सगळ्यांना कळेल की मास्तरांना तोंड नाही." आणि ती वर निघून गेली. ती वर जाते तेव्हा जिना तिच्या बाजूने बोलतो.

तेवढ्यात पहारेकरी आला. याच गल्लीत वाढलेला, काडीसारखा पोरगा, आता मिशी ठेवतो. त्याला मी 'कॉलर' म्हणतो, कारण त्याच्या मानेला कुठलीच कॉलर लहान होत नाही. आत येऊन त्याने दार लोटलं आणि म्हणाला, "मास्तर, जरा मशीन चालवा ना." मी दोरा काढला, पायडल मारलं. तो खडखडाटावर आवाज चढवून म्हणाला, "मला ती चौकी नको! पत्र्याची आहे! आत भाजून निघेन मी! पण मी बोललो तर नोकरी जाईल! तुम्ही हरकत घेणार ना?" मी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते मलाच कळलं नाही. "तुम्ही घ्या हो," तो म्हणाला, "तुम्हाला कोण काय करणार आहे!" मी पायडल मारत त्याच्याकडे बघत राहिलो. सरकारच्या कपड्यातला माणूस सरकारविरुद्ध बोलायला माझ्याकडे आला होता, आणि तो आत आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे उभा राहिलो होतो.

कचेरीपर्यंत मी वाक्य घोकत गेलो. माझी हरकत आहे. हे वाक्य तोंडात धरायला फार अवघड, गरम बटाट्यासारखं इकडून तिकडे फिरवावं लागतं. 'माझी नम्र हरकत आहे' करून बघितलं. 'एक छोटीशी हरकत होती' करून बघितलं, पण त्यात हरकत होती आणि आता गेली असं वाटतं. 'तुमची हरकत नसेल तर माझी हरकत आहे' हे मला सगळ्यात आवडलं. वाटेत दोन हवालदार भेटले, मी दोघांना सलाम केला. एकाची एक बाही काळ्या दोऱ्याची होती आणि मी दुसऱ्या फुटपाथवर जायचंही विसरलो. मला घड्याळजी आठवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्याबद्दल एवढाच विचार केला होता की त्यांनी बोलायला नको होतं. त्या दुपारी रस्त्याने जाताना पहिल्यांदा असं मनात आलं की विनोद चांगला होता. मला तिथे रस्त्यातच हसू आलं, आणि लगेच मी मागे वळून बघितलं.

सुनावणीची खोली म्हणजे लांब टेबल, वर पंखा, टेबलापलीकडे एक अधिकारी बाई आणि त्यांच्या शेजारी एक कारकून. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी एकटाच आलो होतो. "बसा काका," बाई म्हणाल्या. मी उभाच राहिलो. "अहो बसा." मी बसलो, पण खुर्चीच्या कडेवर, म्हणजे उठायला सोपं. "बोला, चौकीबद्दल काय म्हणणं आहे?" मी तोंड उघडलं आणि त त प प सुरू झालं. आणि टेबलाखाली माझा उजवा पाय आपोआप चालायला लागला, टाच वर टाच खाली, टाच वर टाच खाली. ते जुनं टेबल डगडगायला लागलं, टेबलावरचा चहा बशीत उतरला. बाई टेबलाखाली वाकून बघायला लागल्या. "काका, तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, "चौकीबद्दल... तशी... माझी..." एवढ्यात कारकून, बहुधा जेवायला जायचं असेल, वहीत लिहीत मोठ्याने म्हणाला, "हरकत नाही. पुढचं?"

आता हे बरं झालं होतं. मला काही बोलावं लागलं नव्हतं, सरकारने परस्पर माझं मत ठरवून घेतलं होतं, आणि मी उठून नमस्कार करून घरी जाऊ शकत होतो. मी उठलोसुद्धा. पण उठताना मला त्या वहीतला तो शब्द दिसला, खिडकीतून आलेल्या लख्ख उजेडात, निळ्या शाईचा, काळ्या नव्हे. मला ते कळत होतं. त्यांच्या खोलीला तीन खिडक्या होत्या. मला एकदम राग आला. हा राग कुठून आला ते मला अजून सांगता येत नाही. बाबा बहुतेक तो शिल्लक ठेवून गेले असतील. "खोडा ते," मी म्हणालो. कारकून म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "नाही लिहिलंय ते खोडा. हरकत आहे. माझी." आणि खाली बसलो, या वेळी खुर्ची भरून.

कारकुनाने बाईंकडे बघितलं. बाई उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं, पंख्याचं बटण फिरवून तो पूर्ण वेगावर ठेवला. पंखा जुना होता. घरघरायला लागला, टेबलावरचे कागद उडायला लागले, कारकून त्यांच्यावर दोन्ही हात पसरून आडवा झाला. आणि त्या घरघराटात बाई माझ्याकडे वाकून काहीतरी बोलायला लागल्या. मला तुटक तुटक ऐकू येत होतं. "...खरं सांगायचं तर मलाही... वरून आलंय... आम्ही काय बोलणार... तुमचंच बरोबर..." मी त्यांच्याकडे बघत होतो. बिल्ला लावलेली, शिकलेली, मुलीच्या वयाची बाई. तिने ना हुजूर पाहिले ना समिती. तिला हे कुणी शिकवलं? तिच्याही घरी कुणीतरी नळ सोडून बोलत असेल, कुणी रेडिओ मोठा करत असेल. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. "बाई," मी म्हणालो, "पंखा बंद करा. मला ऐकू येत नाही."

त्यांनी बंद केला. पंखा थांबायला वेळ लागला आणि मग खोलीत इतकी शांतता झाली की मला स्वतःचाच आवाज परका वाटला. मी सांगितलं, की माझ्या डोळ्यांना दिव्याखाली निळा-काळा दिसत नाही, खिडकी एकच आहे, तुमचे सगळ्यांचे गणवेश त्या उजेडात शिवून होतात, तो उजेड माझा आहे. आणि चौकीतल्या माणसाला उकडेल, हेही सांगितलं. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं. बाईंनी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. म्हणाल्या, "वरचे काय करतील माहीत नाही, काका. पण लेखी हरकत आली की फेरमोजणी करावीच लागते, आणि तोवर चौकी बसत नाही." दारापाशी मी थांबलो आणि म्हणालो, "त्या वेळी मी टेप देणार नाही." त्या हसल्या.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि बायको दुकानात बाकावर बसून होती. कॉलरही आला होता, पँट न्यायच्या निमित्ताने. "काय झालं?" दोघं एकदम म्हणाली. मला सांगायची इतकी घाई झाली होती, की मी मशीनवर बसलो, दोरा ओढून काढला आणि पायडल मारायला लागलो. खडखडखडखड. "मी आत गेलो!" मी आवाज चढवून म्हणालो. "बाई म्हणाल्या बसा!" समोर औषधवाला दारात येऊन उभा राहिला. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. वरच्या मावशींची खिडकी करकरली. कॉलरने काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "आले बघा सगळे."

"कोण आले?" मी विचारलं. पाय चालूच.

"गल्ली," तो म्हणाला. "अहो मास्तर, दोरा नसला की तुमचं मशीन वेगळं वाजतं. ते वाजलं की सगळे कान लावतात. तुम्ही खडखडाटावर ओरडून बोलता ना, त्या टोकापर्यंत जातं. आम्ही लहानपणी खेळ थांबवून ऐकायचो. तुमच्या बाबांनी हुजुरांना घातलेल्या सगळ्या शिव्या मला येतात. अख्ख्या गल्लीला येतात."

माझा पाय थांबला. मी बायकोकडे बघितलं. तिने नजर चुकवली, म्हणजे तिलाही माहीत होतं. अख्ख्या गल्लीला. औषधवाल्याला, मावशींना, चहावाल्याला. हुजूर असताना, समिती असताना, रोज. एकाला जरी जाऊन सांगावंसं वाटलं असतं तरी पुरलं असतं, आणि बाबा आपल्या बिछान्यात, म्हातारे होऊन, कुरकुरत गेले. घड्याळजींचं कोणी सांगितलं ते मला कधीच कळणार नाही. पण बाबांचं कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी या लोकांच्या एकाही लग्नात पाऊल ठेवलं नाही. मला हुंदका आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसताच खोकलो.

"अहो मास्तर!" वरून मावशी ओरडल्या. "थांबलात का? बाई म्हणाल्या बसा, मग पुढे?"

मी मोठी कात्री घेतली आणि खिडकीच्या फटीत घालून फिरवली. बाबांचा रंग हट्टी होता. आधी पांढरा सुटला, मग हिरवा, मग त्याच्याखालचा कुठलासा निळा. बायकोने चौकट दोन्ही हातांनी धरली, कॉलरने खांदा लावला, आणि तिघांनी मिळून ढकलल्यावर ती उघडली. बाहेरची हवा आत आली. फुटपाथवर खडूचा चौकोन होता आणि त्यात औषधवाला उभा होता, हात मागे बांधून, वाट बघत.

"पहिल्यापासून सांगतो," मी म्हणालो.